घरकुल जागेवर अडतं

लातूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

घरांच्या हक्काच्या, धोरणाच्या कामात जायचं तर खुशाल जा. पण दिल्ली-मुंबईच्या बैठकांनी सुरुवात करू नकोस. पहिली दोन वर्षं एका तालुक्यात काढ. धोरण कुठं उसवतं ते तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये दिसतं.

घरकुलाचंच घे. प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण सपाट भागात १ लाख २० हजार, घर किमान २५ चौरस मीटरचं, पैसे हप्त्यानं, दर टप्प्याचा फोटो चढवल्यावर. पण पहिला फोटो मोकळ्या जागेचा असतो आणि भूमिहीनाकडं नेमकी तीच नसते. नाव यादीत आणि माणूस पालात! मग कुणी नमुना आठ काढून आणतं. तो ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. वीस वर्षं घरपट्टी भरली म्हणून जागा नावावर होत नाही. इथं नवे कार्यकर्तेही फसतात.

गायरानावर, म्हणजे गावाच्या चराऊ जमिनीवर, तारीख सांभाळ. मागासवर्गीय भूमिहीनांनी कसलेली गायरानं नियमानुकूल करायचा २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय १४ एप्रिल १९९० पर्यंतच्याच ताब्याला लागतो. ‘आजोबापासून कसतो’ एवढ्यावर भागत नाही, त्या तारखेआधीचा कागद लागतो: गाव नमुना १-ई मधली अतिक्रमणाची नोंद, पंचनामा, दंडाची पावती. ज्या पावतीला भिऊन माणूस ती चुलीत घालतो, तीच पुढं त्याच्या ताब्याचा पुरावा असते. वस्तीत गेलीस की आधी पत्र्याच्या पेट्या उघडायला सांग.

आपला भाग निजामाच्या राज्यातला, त्यामुळं मागं जायचं तर १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा जुना कागद, बघावं लागतं, त्याआधीचं बरंच उर्दूत. उर्दू वाचायला शीक. इंग्रजी अहवाल लिहिणारे पुष्कळ आहेत.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘गायरानाची सर्व माहिती द्या’ लिहिलंस तर काहीच हाती येणार नाही. गाव, वर्ष, नमुना लिहून साक्षांकित प्रत माग. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

घर पाडायची नोटीस आली तर सर्वोच्च न्यायालयाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल जवळ ठेव: किमान १५ दिवसांची मुदत. रस्त्यावरच्या, फूटपाथवरच्या आणि रेल्वेमार्ग, नदीपात्रालगतच्या अनधिकृत बांधकामांना मात्र तो लागू नाही. हे लोकांना आधीच सांग, नंतर तोंड दाखवता येत नाही.

तू अमेरिकेतल्या पद्धतीचं विचारलंस. तिथं १९६८ चा फेअर हाउसिंग कायदा आहे. एकाच घरासाठी सारख्या पगाराची, फक्त वर्ण वेगळा असलेली दोन माणसं पाठवतात आणि मिळालेली उत्तरं ताडून बघतात. अशा तपासनीसालाही दावा लावता येतो, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये मान्य केलं. आपल्याकडं संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी आहेत, भाड्याचं घर नाही. ‘आडनाव काय?’ विचारून फोन ठेवणाऱ्या घरमालकाला धरायला अमेरिकेसारखा वेगळा कायदा नाही. उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फक्त पारशांनाच सभासद करून घेणाऱ्या सोसायटीचा उपविधी कायम ठेवला. तरी छत्रपती संभाजीनगरात जोडीनं फोन करून वही भर: तारीख, वेळ, भाडं, उत्तर जसंच्या तसं. उद्या कायदा मागायचा तर हीच वही पुढं करावी लागेल.

आणि धोरणाचे मसुदे वाचताना तक्ता आधी वाच. किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाची घरं जमिनीच्या हिशोबानं दिली: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत २५० चौरस फूट, सातपर्यंत ४००, त्यावर ७५०. घरात माणसं किती, हे त्या तक्त्यानं विचारलंच नाही.

तुझे,
अण्णा

ता. क. जुन्या नकलेच्या अर्जावर गट नंबरासोबत जुना सर्व्हे नंबरही लिही. जुने कागद सर्व्हे नंबरानं लावलेले असतात. नुसता गट नंबर दिला तर ‘आढळ होत नाही’ असा शेरा मारून अर्ज परत देतात.