बायला सायबिणीच्या फेरीला जाऊ दे

लिस्बन,
१८ मे

प्रिय दादा आणि वहिनी,
सप्रेम नमस्कार.

तुझी लेक बाय चर्चच्या ‘लिजन ऑफ मेरी’ या सेवा करणाऱ्या संघटनेत जाते, रात्री सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेरीला जाते आणि आता वेलंकनीच्या यात्रेला जायचं म्हणते, यावरून रविवारी फोनवर तुझा आवाज एवढा चढला होता की मी मधे बोललेच नाही. म्हटलं, सावकाश लिहावं. ‘पोरीला म्हापशाला कॉलेजसाठी ठेवलीय, मठात धाडलेली नाही,’ असं तू म्हणालास. वहिनी मागून काहीतरी सांगत होती, ते तू मला ऐकू दिलं नाहीस. म्हणून हे पत्र दोघांच्या नावे.

दादा, आपण म्हापशात होतो तेव्हा तू चर्चच्या मैदानावर फुटबॉल खेळायचास. आत आम्हा मुलींचं काय चालायचं, ते तुला कधी कळलंच नाही. लिजन ऑफ मेरीची मीटिंग म्हणजे टेबलावर पांढरं कापड, मधोमध सायबिणीची मूर्ती, दोन मेणबत्त्या, दोन फुलदाण्या. आधी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मग मागच्या बैठकीचं इतिवृत्त, आणि मग खरी परीक्षा: गेल्या आठवड्यात नेमून दिलेलं काम केलं की नाही, ते प्रत्येकीने सगळ्यांसमोर सांगायचं. आज मी इथे परक्या भाषेत वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरसमोर न अडखळता बोलते, ती सवय तिथली. शेवटी कापडी पिशवी फिरायची. जिच्याकडे काही नसेल तिनेही हात घालायचा, म्हणजे कोणी टाकलं आणि कोणी नाही, याचा पत्ता लागत नाही. आपल्या घरची तेव्हाची परिस्थिती तुला आठवत असेल. त्या पिशवीपुढे मला कधी मान खाली घालावी लागली नाही.

हे म्हाताऱ्यांचं खूळ आहे असं समजू नकोस. ७ सप्टेंबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये फ्रँक डफ यांनी संघटना सुरू केली, तेव्हा पहिल्या बैठकीला आलेल्या बहुतेक जणी तरुण मुलीच होत्या. त्यांनी पहिलं काम हाती घेतलं तेही गरिबांच्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डात जाऊन विचारपूस करण्याचं. पैसे किंवा धान्य वाटायचं नाही, असा नियमच आहे. द्यायचा तो आपला वेळ, आणि जायचं ते दोघींनी मिळून, एकटीने कधीच नाही. आठवड्याची एक बैठक आणि दोनेक तासांचं काम. एवढ्याने कुणी नापास होत नाही. बाय मोबाइलवर याच्या दुप्पट वेळ घालवते, त्यावर तू चकार शब्द काढत नाहीस.

तिच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, निम्म्या घरांत म्हातारी माणसं एकटी आहेत. मुलं दुबईला, लंडनला, नाहीतर इथे माझ्या शेजारी. बाय आणि तिची जोडीदारीण त्यांच्याकडे जातात, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचून दाखवतात, व्हिडिओ कॉल लावून देतात. मी इथे पगार घेऊन जे करते, ते पोर तिथे फुकट करते. आणि प्रार्थना सगळ्या रोमी कोंकणीत, आपलं शिक्षण पडलं मराठीतलं. म्हणून तिने एका वहीत सगळ्या देवनागरीत उतरवून घेतल्यात. वहीचे फोटो मला आलेत. तुला दाखवायला भ्याली असेल.

आता रात्रीच्या फेरीचं. सायबिणीची मूर्ती घरोघर जाते, आज एकाच्या घरी मुक्काम, उद्या शेजाऱ्याच्या. संध्याकाळी सगळा वाडा मागोमाग चालतो. ज्या घरी पोचली तिथे तेर्स, लदीन (गाऊन म्हणायची स्तुती), आणि मग खोबरं घातलेले उकडलेले चणे कागदाच्या पुडीत. आजूबाजूची हिंदू घरंसुद्धा दारात दिवा लावून उभी राहतात. त्या गर्दीत बाय जितकी सुरक्षित, तितकी ती बसस्टँडवर दुपारी बारा वाजताही नसते. माझी तक्रार आहे ती वेगळीच: मूर्ती खांद्यावर घ्यायला मुलगे पुढे, आणि फुलं रचायला व चण्यांची भांडी घासायला मुली. बायने यावर मीटिंगमध्ये आवाज उठवला म्हणे. बरं केलं.

तू स्वतः आईबरोबर म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला तेल घेऊन जायचास, विसरलास? ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी येणारा तो सोमवार, म्हापशाची फेस्त (चर्चची जत्रा), आणि तेलाच्या रांगेत आपल्यापुढे नऊवारीतल्या बायका. शिरगावची लइराई देवी आणि आपली मिलाग्रीस सख्ख्या बहिणी, म्हणून तिकडून इकडे तेल आणि इकडून तिकडे फुलं, हे आईनेच सांगितलं होतं. यंदा त्या रांगेत म्हाताऱ्यांना हात द्यायला बाय उभी होती.

मी गेल्या आठवड्यात फातिमाला, इथल्या सायबिणीच्या तीर्थाला, जाऊन आले. १२ मेच्या रात्री मेणबत्त्यांनी मैदान भरून जातं. तीन धनगर मुलांना १९१७ मध्ये सायबिणीचं दर्शन झालं, त्याचा १३ मे हा पहिला दिवस. लोक चमकणारी जाकिटं घालून हमरस्त्याने दिवसच्या दिवस चालत येतात, आणि पोचले की स्वयंसेवक त्यांचे पाय धुऊन फोडांना पट्ट्या बांधतात. बायच्याच वयाची एक मुलगी एका आजोबांची टाच मांडीवर घेऊन बसली होती. आजोबा लाजून पाय ओढत होते, ही सोडत नव्हती. जळत्या मेणबत्त्यांपाशी मेणाचे हात, पाय, काळीज, अगदी वांद्र्याच्या मोत माउलीला मिळतात तसेच. मी आईच्या गुडघ्यासाठी एक पाय वाहिला.

वेलंकनीच्या यात्रेच्या बाबतीत मात्र मी तुझ्या बाजूची आहे. ८ सप्टेंबरच्या तोंडावर तिथे पाय ठेवायला जागा नसते, रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत, आणि वीस पोरींना सांभाळायला दोनच मोठ्या बायका, हे मला पटत नाही. जानेवारीत जा म्हणावं. मी तिला तसं कळवलंय. रुसलीय, दोन दिवस मेसेज नाही.

पण ३० ऑगस्टला मोंतीच्या सायबिणीचं नोव्हेन, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होईल, ते तिला तिथे करू दे. आठ तारखेला नवं कणीस घेऊन ती सावंतवाडीला येईल, तेव्हा वहिनी, पाच भाज्या आणि खीर करा. मासळी नको त्या दिवशी, दादा कितीही कुरकुरला तरी.

बँकेत पैसे टाकलेत. आईच्या गोळ्या झाल्यावर उरतील त्यातून बायला पट्ट्याच्या चपला आणि एक चांगला टॉर्च घ्या. आणि दादा, तिला फोन तू कर. वहिनीकडून निरोप धाडू नकोस.

तुझी धाकटी बहीण,
बेबी