नकार कुणाला परवडतो?

संपादक महोदय,

अमेरिकेतले पालक पत्र देऊन मुलांना राज्याच्या चाचणीतून काढून घेतात, तसे आपणही ‘पॅट’ला, म्हणजे शासन आपल्या शाळांत घेते त्या नियतकालिक मूल्यांकन चाचणीला, नकार द्यावा, अशी सूचना एका पालकाने नुकतीच या सदरात केली होती. तिकडचा तो प्रकार मी जवळून पाहिला आहे आणि मास्तरकीत आयुष्य काढले आहे, म्हणून चार शब्द.

२०१५च्या एप्रिलमध्ये मी लेकीकडे, न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडला होतो. नात चौथीत. इंग्रजीच्या चाचणीचे तीन दिवस, गणिताचे तीन दिवस. घरांपुढच्या हिरवळीवर ‘चाचणी नाकारा’ अशा पाट्या रोवलेल्या. आमचे मूल चाचणीला बसणार नाही, एवढे मुख्याध्यापकांना लिहून दिले की झाले. त्या वर्षी राज्यात तिसरी ते आठवीच्या सुमारे वीस टक्के, म्हणजे दोन लाखांच्या आसपास मुलांनी चाचणी दिली नाही. लाँग आयलंडवर हे प्रमाण कितीतरी जास्त होते. काही शाळा अशा मुलांना ग्रंथालयात पाठवत. नातीच्या वर्गात मात्र त्यांना बाकावरच बसवून ठेवले. पुढ्यात ना पुस्तक, ना कागद. बाकीच्यांचा पेपर संपेपर्यंत नऊ-दहा वर्षांची पोरे हाताची घडी घालून भिंतीकडे बघत होती, असे नातीनेच घरी येऊन सांगितले. मोठ्यांच्या भांडणात मुलांना असे बसवणे मला तरी रुचले नाही.

पण पालक उगाच चिडलेले नव्हते. २००२च्या केंद्रीय कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी सक्तीची केली होती. २०१३ मध्ये न्यूयॉर्कने चाचणी अवघड केली, तेव्हा राज्यातली जेमतेम एकतृतीयांश मुले ‘समाधानकारक’ ठरली. त्यावर २०१५च्या वसंतात, ऐन चाचणीच्या तोंडावर, शिक्षकांच्या मूल्यमापनात या गुणांचे वजन निम्म्यापर्यंत नेणारा कायदा झाला. निकाल मात्र येणार उन्हाळ्याच्या सुट्टीत, मुलाचा तो वर्ग संपल्यावर. म्हणजे आपले पोर कशात कच्चे आहे हे त्याच्या बाईंना वेळेवर कळणार नाही, पण बाईंची नोकरी त्यावर तोलली जाणार!

असे झाले की वर्गात काय होते, हे मला कुणी सांगायला नको. आमच्याकडे चौथीला शिष्यवृत्ती असायची. जानेवारी उजाडला की चित्रकलेचा तास गेला, मग खेळाचा गेला, मग सकाळचे जादा तास सुरू. निवडक दहा-बारा मुले पुढच्या बाकांवर, बाकीची मागे पाढे लिहीत. आणि ती तर ऐच्छिक परीक्षा होती, कुणाच्या पगाराशी बांधलेली नव्हती. तिकडे अटलांटात गुण वाढवण्यासाठी शिक्षकांनीच मुलांची उत्तरे खोडून बदलली. त्या प्रकरणात अकरा जण दोषी ठरले, तेही त्याच एप्रिलमध्ये.

नकाराचा उपयोग झाला, हे मान्य करायला हवे. त्याच डिसेंबरात राज्याच्या शिक्षण मंडळाने शिक्षकांच्या मूल्यमापनात हे गुण धरण्याला स्थगिती दिली. २०१६ मध्ये वेळेचे बंधन उठले, २०१८ मध्ये तीन दिवसांचे दोन झाले आणि २०१९ मध्ये मूल्यमापनात हे गुण धरण्याची सक्तीच गेली. नात आता कॉलेजात आहे. चौथीतले ते गुण तिला पुढे कुणीही विचारले नाहीत.

आता दुसरी बाजू, जी त्या पत्रात नव्हती. मे २०१५ मध्ये बारा नागरी हक्क संघटनांनी या नकाराला जाहीर विरोध केला. नकार देणाऱ्यांत भरणा होता गोऱ्या, खाऊनपिऊन सुखी कुटुंबांचा. कृष्णवर्णीय, गरीब आणि अपंग मुलांच्या पालकांच्या हातात मात्र हाच एक पुरावा होता. २००२च्या कायद्यामुळे शाळेला या मुलांचे निकाल वेगवेगळे दाखवावे लागत होते. त्याआधी ती शाळेच्या सरासरीखाली झाकली जात. एका थरातली मुले मोठ्या संख्येने बाहेर पडली, तर आकडा लंगडाच होणार.

आपल्याकडे तर नकाराचे पत्र लिहायला सवड आणि धीटपणा कुणाकडे आहे, ते सांगायला नको. ऊसतोडीच्या हंगामात जी मुले आईबापांबरोबर फडावर असतात, ती न विचारताच चाचणीबाहेर असतात. त्यांच्यासाठी कुणी पाटी रोवलेली मी पाहिली नाही.

माझे म्हणणे एवढेच, की शासनाला राज्याची तब्येत पाहायची असेल तर प्रत्येक मुलाला पेपर द्यायची गरज नाही. शितावरून भाताची परीक्षा होते. अमेरिकेतच १९६९पासून एक राष्ट्रीय चाचणी नमुन्यावर चालते. तिच्यात कुठल्याही मुलाचा वैयक्तिक निकाल लागत नाही. आपल्याकडे ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाचे लोक २००५पासून खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांना एखादा उतारा वाचायला लावतात, एखादा भागाकार घालतात, तोही नमुनाच. नमुन्यावरून एकेका शाळेची अवस्था कळत नाही, हे खरे. ती कळून घ्यायची असेल तर सगळ्यांची चाचणी जरूर घ्या, पण वर्षातून एकदा, आणि मास्तरांच्या मूल्यमापनात तिचे गुण आणू नका.

पालकांना पत्र लिहायचेच असेल तर त्यांनी ते शाळा व्यवस्थापन समितीला लिहावे. कायद्याने समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांच्याच आहेत. त्यात एवढेच मागावे: ‘पॅट’चे गुण शासनाच्या पोर्टलवर भरले जातातच, तेव्हा शाळेचा निकाल त्याच सत्रात समितीपुढे ठेवा, जी मुले वाचनात मागे पडली त्यांच्यासाठी पुढच्या महिन्यात कोणता शिक्षक कोणत्या तासाला बसणार ते इतिवृत्तात लिहा, आणि चाचणीच्या दिवशी गैरहजर असलेली मुले कुठे होती, तेही नोंदवा.

— एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, कराड (जि. सातारा)