ब्रेलचा तास वाचवायलाच हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बोलकी पुस्तके आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर हाताशी असताना अंध मुलांना ब्रेल शिकवण्यात वेळ कशाला घालवायचा, असे हल्ली शिक्षणाची कळकळ असलेली माणसेही विचारू लागली आहेत. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. परंतु अंधांनी कसे वाचावे हे डोळसांनी आपल्या सोयीने ठरवण्याचा प्रकार याआधीही घडलेला आहे.

व्हॅलेंटिन हाऊई यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये अंध मुलांची शाळा काढली, हे त्यांचे मोठेच उपकार. मात्र तिथे वाचायला असत ती नेहमीचीच रोमन अक्षरे, कागदावर उठावदार छापलेली. एकेका अक्षराच्या कडेकडेने बोट फिरवून ते ओळखावे लागे, पुस्तके अवजड होत आणि मुलांना स्वतः लिहिण्याची सोय जवळपास नव्हतीच. याच शाळेत शिकणाऱ्या लुई ब्रेल यांनी शार्ल बार्बिये यांच्या बारा ठिपक्यांच्या पद्धतीतून सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली, तेव्हा ते अवघे पंधरा वर्षांचे होते. बारा ठिपक्यांचे चिन्ह बोटाच्या टोकाखाली मावत नसे, सहांचे एका स्पर्शात कळते. शिवाय रचना विलक्षण नेटकी आहे: पहिली दहा अक्षरे वरच्या चार ठिपक्यांत बसतात आणि त्यांनाच खालचा डावा ठिपका जोडला की पुढची दहा तयार होतात. पाटी आणि टोचणी घेऊन मूल उजवीकडून डावीकडे ठिपके टोचते, कागद उलटते आणि आपणच लिहिलेले वाचते.

ही लिपी १८२९ मध्ये प्रसिद्ध झाली. तरीही १८४० नंतर शाळेच्या नव्या संचालकांनी तिचा वापर बंद केला, कारण अंधांची लिपी डोळसांपेक्षा वेगळी असू नये, असा त्यांचा आग्रह होता. मुलांनी ती चोरून चालू ठेवली, म्हणूनच ती टिकली. फ्रान्समध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली १८५४ मध्ये. ब्रेल त्याआधी दोनच वर्षे, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी निवर्तले होते. अमेरिकेत तर ठिपक्यांच्या निरनिराळ्या पद्धतींचा वाद पुढे कित्येक दशके चालला आणि इंग्रजी ब्रेलची समान पद्धत १९३२ मध्ये ठरली. तोवर एकच मजकूर वाचण्यासाठी अंधांना दोन-तीन पद्धती शिकाव्या लागल्या, याची झळ डोळस शिक्षकांना किती लागली असेल?

ऐकणे उपयुक्त आहेच. पण ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, परिच्छेद कुठे संपला ते कळत नाही, आणि गणितातला कंस कुठे सुरू होऊन कुठे मिटतो हे लक्षात ठेवता ठेवता मूल थकून जाते. डोळस मुलाला ध्वनिफिती ऐकवून त्याची पाटी-पुस्तके काढून घ्या, असे कोणी सुचवत नाही. तेव्हा ब्रेलचा तास कमी करण्याचा विचार जिथे चालू असेल, तिथल्या व्यवस्थापनाने ब्रेल वाचत मोठ्या झालेल्या अंध व्यक्तींना आधी बैठकीला बोलवावे आणि त्यांचे मत इतिवृत्तात नोंदवावे, एवढी विनंती आपल्या पत्राद्वारे करीत आहे.

कळावे,
आपला एक वाचक