मावशी, त्या स्टुलाबद्दल आभार

मावशी, सलाम.

तुमच्या तोंडावर आभार मानायला गेलो तर तुम्ही "चहा घेणार का" म्हणून विषय बदलता. दोनदा झालं तसं. म्हणून हे असं, सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. नाव लिहीत नाही. आमच्या बेळगावच्या वडगावात 'मिरज मिशन हॉस्पिटलात शिकलेल्या नर्स सिस्टर' म्हटलं की कळणाऱ्याला कळतं.

मागच्या पावसाळ्यातली रविवारची संध्याकाळ. सकाळची उपासना, दुपारचं जेवण, झोप, सगळं आटोपून मी मेडिकल उघडलं होतं आणि गिऱ्हाईक नाही म्हणून एच-वनचं रजिस्टर भरत बसलो होतो. तुम्ही बीपीच्या गोळ्यांना आलात. "काय लिहूलायस रे?" मी म्हटलं, सरकारी काम. तुम्ही चष्मा लावून वही उलटी फिरवलीत. ओळीनं अकरा नोंदी, एकाच पेनानं, एकाच डॉक्टरच्या नावावर. ते डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेलेले, हे तुम्हाला माझ्याआधी ठाऊक.

बाहेरच्यांसाठी सांगतो. १ मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं आणि झोपेच्या काही गोळ्या 'शेड्यूल एच-वन'मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत. दिल्या की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची. मी गोळ्या आधी द्यायचो, चिठ्ठ्या नंतर मनानं जन्माला घालायचो.

तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, "बायबलाच्या नीतिसूत्रांतला खोटा तराजू लहानपणी पाठ केलास की रे. तुझ्या दुकानात तराजू नाही. ही वही आहे."

मी वाद घातला, आठवतं ना? आणि माझा वाद अगदीच खोटा नव्हता. मागावर काम करणारा माणूस दवाखान्यात जातो तेव्हा फी जाते आणि दिवसाची मजुरीही बुडते. तो काउंटरवर हात टेकून "त्या मोठ्या गोळ्या पाच द्या" म्हणतो, तेव्हा त्याला हाकलणं ही कसली ख्रिस्ती दया? मी स्वतःला बायबलातल्या गोष्टीतला, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणारा चांगला शोमरोनी समजत होतो, मावशी. खरंच समजत होतो. (गल्ल्यात पैसे पडत होते, ते त्या समजुतीला अडचण करत नव्हते.)

तुम्ही म्हणालात, "शोमरोन्यानं तेल आणि द्राक्षारस ओतला. ओतून पुढं गेला का? जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, दोन दीनार दिले, वर जास्त लागलं तर परत येताना देतो म्हणाला. तू नुसतं तेल विकूलायस. तुझी उतारशाळा कुठं आहे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मिळालं त्याच आठवड्यात, आणि वाईट रीतीनं मिळालं.

मागावरचे काका आले. त्यांना मी महिन्याभरात दोनदा लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं होतं. खोकला कमी व्हायचा, परत यायचा. सुताच्या धुळीचा असेल, असं आम्ही दोघंही म्हणत होतो. तुम्ही स्टुलावर होता. विचारलंत, "किती दिवस झाले? वजन उतरलंय का? रात्री घाम येतो?" आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन स्वतः सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला गेलात. टीबी निघाला.

त्या रात्री तुम्ही समजावलंत ते मी कॉलेजात शिकलो होतो, आणि विसरायला सोयीचं म्हणून विसरलो होतो. लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूलाही थोडं मारतं. म्हणून माणसाला बरं वाटतं, आजार झाकला जातो, निदान लांबतं. आणि जे जंतू वाचतात ते त्या औषधाला दाद न देणारे असू शकतात. म्हणजे काकांचे दिवस मी खाल्ले होते. शिवाय पुढं ज्याला तेच औषध खरंच लागेल आणि लागू पडणार नाही, त्या न पाहिलेल्या माणसाचंही मी देणं लागत होतो. शोमरोन्याची गोष्ट ज्या प्रश्नावरून निघते, त्या 'माझा शेजारी कोण' याचं इतकं लांबचं उत्तर मी कुठल्या उपदेशात ऐकलं नव्हतं.

आता स्टुलाबद्दल. त्यानंतर महिनाभर रोज संध्याकाळी सहा ते आठ तुम्ही माझ्या काउंटरजवळ बसलात. मी "चिठ्ठी हवी" म्हटलं की गिऱ्हाईक माझ्याशी भांडायचं. तुम्ही त्यालाच जवळ बसवून मराठीत, नाहीतर तुमच्या मोडक्या पण न लाजणाऱ्या कन्नडमध्ये विचारायचा, काय होतंय. साध्या सर्दीवाल्याला गरम पाणी, वाफ, तापाची गोळी. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर कुठल्या खोलीत जायचं, ते कागदावर लिहून. दोन्ही भाषांत लिहिलंत. आमच्या या भागात मराठी-कन्नड पाट्यांवरून काय काय होतं ते सगळे जाणतात. तुमच्या त्या कागदावरून कुणी भांडलं नाही.

धंदा बसला, ते लपवत नाही. काही गिऱ्हाइकं पुढच्या दुकानात गेली ती गेलीच. बायकोनं दोन महिने तुमचं नाव घेतलं की तोंड फिरवलं. आता ती तुम्हाला गोड कुंदा पाठवते, यावरून काय ते समजा.

काकांचा सहा महिन्यांचा कोर्स पुरा झाला. औषध सरकारचं, फुकट. वर टीबीच्या पेशंटला आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. खात्याची भानगड निस्तरायला तुम्हीच बँकेत गेला होता.

एक काम तुम्ही सांगितलेलं राहिलं होतं. "त्याला सांगितलंस का?" असं तुम्ही एकदाच विचारलंत, परत कधी नाही. त्यामुळे ते जास्त बोचत राहिलं. प्रभूजवळ कबूल केलं होतं. ते सोपं असतं, तो काउंटरच्या पलीकडे उभा नसतो.

काल सांगितलं. काका आले होते मुलासाठी तापाचं औषध घ्यायला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, त्या गोळ्या मी तुम्हाला द्यायला नको होत्या, त्यानं तुमचा आजार लांबला. ते बराच वेळ बाटलीवरचं लेबल बघत राहिले. मग म्हणाले, "मीच मागितल्या होत्या की." पैसे मोजून ठेवले. पायरी उतरताना वळले.

"याला तशा देऊ नका म्हणजे झालं."

स्टूल अजून तिथंच आहे, मावशी. गुडघा बरा झाला की या.

तुमचा,
वडगावातला मेडिकलवाला