चोणकासाठी काठी घेताना

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरून मांडवीचे गढूळ पाणी निवळू लागले की गळ-काठ्यांच्या दुकानांत नव्या छांदिष्टांची वर्दळ वाढते. खाडीतला चोणक मासा धरू पाहणाऱ्या त्यांतील बहुतेकांचे मागणे एकच असते, ‘बासचा रॉड दाखवा, फार महाग नको’. दुकानदारही ‘बास’ असे छापलेली काठी काढून पुढे ठेवतो आणि व्यवहार पाच मिनिटांत उरकतो. या पाच मिनिटांत काय निसटते, ते आपल्या वाचकांसमोर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

काठीवर छापलेला बास हा अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या तळ्यांत राहणारा लार्जमाउथ बास होय. आपल्या चोणकाला, ज्याला रायगडकडे जिताडा म्हणतात, इंग्रजीत एशियन सी-बास असे नाव आहे खरे, पण या दोघांचे नाते तेवढ्या नावापुरतेच. लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम 1932 साली जॉर्जिया राज्यात नोंदला गेला तो 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे जेमतेम दहा किलोंचा, आणि त्याची बरोबरी व्हायला 2009 साल उजाडावे लागले, तीही जपानच्या बिवा सरोवरात. चोणकाचा विक्रम मात्र ऑस्ट्रेलियातील मोन्डुरन जलाशयात 2010 साली झालेला 44.64 किलोंचा आहे. आपल्या खाडीत गळाला लागणारा चोणक बहुधा दोन-तीन किलोंचाच असतो, हे मान्य. परंतु गळ रुतताच तो पाण्याबाहेर उसळून डोके झटकतो, त्याच्या कल्ल्याच्या झाकणाला सुरीसारखी धार असते, आणि तो पळतो तो नेमका खारफुटीच्या मुळांत किंवा मानशीच्या, म्हणजे बांधातील पाण्याच्या दाराच्या, दगडांत. तळ्यातल्या माशासाठी केलेल्या काठीकडून आपण ही कामे करून घेत असतो.

म्हणून बासची काठी आपल्याकडे निरुपयोगी ठरते असे मुळीच नाही; तिच्यावरचे आकडे तेवढे वाचता आले पाहिजेत. ‘मीडियम-हेवी’ प्रकारच्या काठीवर साधारणपणे दोरीसाठी 10 ते 20 पौंड आणि ल्युअरसाठी, म्हणजे नकली आमिषासाठी, पाव ते पाऊण औंस असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ दोरीची ताकद साडेचार ते नऊ किलोंची आणि फेकायचे वजन 7 ते 21 ग्रॅम. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधावरून जिवंत सुंगट (कोळंबी) किंवा 15 ग्रॅमचा लाकडी मासा टाकायला एवढी काठी पुरते. तीच काठी मिरामारच्या वाळूवर नेऊन कुणी 60 ग्रॅमचे शिसे भिरकावले आणि ती मोडली, तर दोष काठीला देता येणार नाही. दुसरी गोष्ट तिच्या वाकण्याची. ‘फास्ट’ काठी फक्त टोकाशी वाकते, ‘मॉडरेट-फास्ट’ जवळजवळ निम्म्यापर्यंत वाकते. तीनकाट्यांचे गळ लावलेला ल्युअर वापरणाऱ्याने दुसरी घ्यावी, असे माझे मत आहे, कारण चोणकाने डोके झटकले की अति ताठ काठीमुळे तो बारीक गळ तोंडातून फाटून निघतो.

माझ्या दृष्टीने मध्यम किंमत म्हणजे 3 ते 6 हजार रुपये. या किमतीत कार्बनच्या ‘टनां’चा आकडा पाहून भुलू नये, तो धाग्याच्या ताठपणाचा आकडा आहे, मजबुतीचा नव्हे, आणि काठी जितकी ताठ व हलकी तितकी दगडावर आपटली तर तडकण्याची भीती अधिक. पैसे खरे मोजावेत ते दोरी ओवायच्या कड्यांसाठी. चार वर्षांपूर्वी मी 3,200 रुपयांची एक देखणी काठी घेतली. पहिला हिवाळा सरण्यापूर्वीच तिच्या कड्यांच्या पायांना गंज चढला, टोकाच्या कडीतले सिरॅमिकचे वलय निखळले, आणि उरलेल्या धातूच्या कडेवर घासून ब्रेडेड (धागे विणून केलेली) दोरी ऐन ओढीच्या वेळी तुटली. तक्रार घेऊन गेलो तेव्हा दुकानदाराने उलट विचारले, ‘खाऱ्या पाण्यात वापरलीत ना?’ गोव्यात खारे पाणी टाळून चोणक कुठे धरायचा, ते मात्र त्याने सांगितले नाही.

तेव्हापासून मी कानात घालायची कापसाची काडी खिशात घालून दुकानात जातो आणि ती प्रत्येक कडीतून गोल फिरवतो. वलयाला बारीक जरी तडा असला तरी कापसाचा धागा तिथे अडकतो. सात फुटी काठीला टोकाची कडी सोडून किमान सात कड्या असाव्यात. आपले रीळ बरोबर नेऊन काठीला लावून पाहावे. बोटावर तोलल्यावर तोल रिळाच्या जरा पुढे आला, तर तासाभराच्या फेकीने मनगट दुखत नाही. फेरीबोटीने स्कूटरवरून दिवाडी-चोडणला जाणाऱ्यांनी दोन तुकड्यांची काठी घ्यावी, फक्त जोड बसवून हलवला असता खुळखुळता कामा नये.

एक काठी मी स्वतःच्या चुकीनेही मोडली आहे. दोन किलोंचा चोणक बांधावर उचलताना काठी उभी धरली, सगळा भार टोकावर आला आणि वरची वीतभर मोडून हातात आली. लांब दांड्याचे हातजाळे त्या काठीच्या तुलनेत फारच स्वस्त पडले असते. मासा घ्यायला पाण्यात उतरण्याचा सल्लाही मी कुणाला देणार नाही. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. आणि मानशीच्या तोंडाशी गळ टाकण्यापूर्वी तिथल्या मासेमारीचा लिलाव कुणी घेतला आहे याची चौकशी करावी, नाहीतर काठी कितीही चांगली असली तरी वाद अटळ.

चोणक लहानपणी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे गळाला लागलेला सर्वांत मोठा मासा हा बहुधा अंड्यांचा धनी असतो. पुरेशा ताकदीच्या काठीने त्याला लवकर जवळ आणता येते आणि तो दमून मरण्यापूर्वी सोडता येतो. फार नाजूक काठी घेऊन अर्धा तास झुंजण्यात फुशारकी मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आपल्या वृत्तपत्रामार्फत दुकानदारांना एवढीच विनंती आहे, की काठीवरील पौंड आणि औंस यांच्या शेजारी किलो-ग्रॅमचे आकडे मराठीत किंवा कोकणीत चिकटवावेत, कड्या कोणत्या धातूच्या आहेत ते सांगावे, आणि टोकाच्या सुट्या कड्या विक्रीस ठेवाव्यात. पन्नास-शंभर रुपयांची ती कडी न मिळाल्यामुळे माझी 3,200 रुपयांची काठी आजही माळ्यावर पडून आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, तिसवाडी