माळशेज बाइक राइड: शनिवारी निघण्याआधी एवढं बघा

सर्व सभासदांना सूचना. कोजागिरीनंतरच्या शनिवारी पहाटे ५.१५ ला ठाण्याच्या तीन हात नाक्याला जमायचं, ५.३० ला निघायचं. कल्याणची गर्दी व्हायच्या आत पार झालं पाहिजे. मार्ग: कल्याण, मुरबाड, माळशेज, ओतूर, जुन्नर. मुक्काम जुन्नरला, रविवारी याच वाटेने परत.

टाकी मुरबाडलाच फुल्ल करा.

पावसाळाभर चाललेली चेन आत्ताच बघा. केरोसिनने धुवून ल्यूब (चेनचं वंगण) शुक्रवारी रात्री लावा. निघताना लावलं तर सगळं मागच्या टायरवर उडतं. ढिलाई मॅन्युअलप्रमाणे, बहुतेक गाड्यांना २५ ते ३० मिमी. जास्त ताणलेली चेन पिलियन (मागे बसणारा) बसला की बेअरिंग खाते. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदला: त्यात पाणी मुरतं, उतारावर तापून वाफ होते आणि लिव्हर पोकळ लागतो, म्हणजे दाबूनही ब्रेक नीट लागत नाही.

परतीला घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल अजिबात नाही. वळणांवर पावसात वाहून आलेली खडी असते, बोगद्याजवळ झिरप. तिथे ओव्हरटेक नको, फोटोही नकोत.

हवा टायर थंड असतानाच भरा. लायसन्स, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालेल. पिलियनलाही हेल्मेट, नसेल तर नाक्यावरूनच परत पाठवू.