पहिल्या कमिटच्या आधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

टॉरच्या, म्हणजे इंटरनेटवर कोण कुठे जातं ते लपवणाऱ्या नेटवर्कच्या, कामात हात घालायचा तर आर्टी निवडलंस ते बरं केलंस. जुना टॉर प्रोग्राम सी भाषेतला. आर्टी म्हणजे तोच रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला. १.०.० आवृत्ती २०२२ मध्ये आली. मेमरीच्या ज्या चुका सीमध्ये गुपचूप आत शिरतात, त्यातल्या बऱ्याच इथे कंपायलरच (कोडचा प्रोग्राम बनवणारा) दारात अडवतो.

कोडला हात लावण्याआधी नाव ठरव. गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणारं साधन, प्रत्येक कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) नाव, ईमेल आणि वेळ नोंदवतं; वेळेला +०५३० चिकटलेलं असतं, म्हणजे भारत किंवा श्रीलंका. या प्रकल्पात टोपणनाव चालतं. नाव-ईमेल फक्त त्या रेपोपुरतं (प्रकल्पाच्या फोल्डरपुरतं) सेट कर, ग्लोबल नको, नाहीतर कॉलेजच्या असाइनमेंटवर टोपणनाव जाईल आणि झाकली मूठ तिथेच उघडेल. कमिट करताना टीझेड व्हेरिएबल, म्हणजे टाइमझोनचं सेटिंग, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेव. चुकून खऱ्या नावाने कमिट झालं तर नुसतं अमेंड (शेवटचं कमिट दुरुस्त करणं) पुरत नाही, लेखक जुनाच राहतो. सोबत रिसेट-ऑथर द्यावं लागतं. हे सगळं पुशच्या, म्हणजे सर्व्हरवर पाठवण्याच्या, आधी. एकदा दुसऱ्याने प्रत ओढून घेतली की पुसून उपयोग नाही.

टॉरच्या गिटलॅबवर, म्हणजे त्यांचा कोड जिथे असतो त्या साइटवर, खातं मागावं लागतं. अर्ज माणूस वाचतो, म्हणून कारण दोन ओळींत नीट लिही. तोवर कार्गोने (रस्टच्या बिल्ड करण्याच्या साधनाने) बिल्ड करून ठेव. पहिल्या वेळी बराच वेळ लागतो आणि टार्गेट फोल्डर काही जीबी खातो. डिस्क आधी मोकळी कर.

आर्टीचा सॉक्स पोर्ट, म्हणजे इतर प्रोग्राम ज्यातून टॉरमध्ये शिरतात तो, ९१५०. टॉर ब्राउझरचाही तोच, त्यामुळे ब्राउझर उघडा असेल तर आर्टी पोर्टवरून अडून बसेल. कर्लने (पान मागवणाऱ्या कमांडने) तपासताना नुसता सॉक्स५ पर्याय देऊ नकोस, सॉक्स५-होस्टनेम दे. पहिल्यात साइटचं नाव तुझंच मशीन नेहमीच्या डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारतं: पान टॉरमधून येतं, पण कुठे गेलीस ते हॉस्टेलच्या नेटवर्कला कळलेलं असतं. सगळं चालतंय असं दिसतं, म्हणूनच ही चूक महिनोन्महिने सापडत नाही.

कामासाठी 'फर्स्ट कॉन्ट्रिब्यूशन' लेबलचे इश्यू (गिटलॅबवर नोंदवलेली कामं आणि चुका) बघ. एका मर्ज रिक्वेस्टमध्ये (बदल घ्या या विनंतीत) एकच बदल, सोबत टेस्ट. पाठवण्याआधी कार्गो एफएमटी (कोडची मांडणी नीट करणारं) आणि क्लिपी (चुका दाखवणारं) चालव. फॉरमॅटिंगचे बदल खऱ्या बदलात मिसळलेस तर तपासणाऱ्याला काहीच दिसत नाही. आर्टी लॉगमधली संवेदनशील माहिती झाकतो. डीबगसाठी ते झाकण काढलंस तर तो लॉग इश्यूत डकवू नकोस. सुरक्षेची चूक सापडली तर इश्यू 'कॉन्फिडेन्शियल' करूनच टाक.

हॉस्टेलच्या नेटवर एक्झिट रिले अजिबात नको. परक्यांची सगळी रहदारी त्या पत्त्यावरून बाहेर पडते आणि तक्रारी वॉर्डनकडे येतात. स्नोफ्लेकचं, म्हणजे टॉर अडवलेल्या लोकांना वाट देणारं, ब्राउझर एक्स्टेन्शन मात्र चालेल, साइटला तिथे तुझा पत्ता दिसत नाही. तरी नेटवर्क सांभाळणाऱ्यांना आधी विचार.

तुझा,
बाबा